थार रॉक्स की जिम्नी: रोजचं हिंजवडी, गणपतीचं चिपळूण आणि पावसाळ्यातला चिखल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजून उत्तर देतोय ते तुम्हाला कळेल. तुम्ही कोथरूडला राहता, नोकरी हिंजवडीला. घरात तुम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि आई. आईंचे गुडघे दुखतात. जुनी हॅचबॅक विकून तिच्या जागी एकच गाडी घ्यायची आहे. ती तुम्ही आणि वहिनी दोघंही चालवणार. गडकिल्ल्यांच्या पायथ्याची गावं, पावसाळ्यातल्या कच्च्या वाटा, जमलं तर एकदा लडाख. गणपती आणि शिमग्याला चिपळूणजवळच्या गावी जाणं ठरलेलं. यादीत दोनच नावं उरलीत: महिंद्राची थार रॉक्स, डिझेल फोर बाय फोर (म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर), आणि मारुतीची पाच दारांची जिम्नी. ‘यातली ऑफ-रोडला खरी कोणती आणि ती रोज चालवता येईल का’, हा तुमचा प्रश्न.

मी मुळशी-मावळ पट्ट्यात बरीच वर्षं ऑफ-रोड ड्रायव्हिंग शिकवतोय. शिकायला येणाऱ्यांकडे सध्या सर्वांत जास्त याच दोन गाड्या असतात, त्यामुळे दोन्ही चिखलात, दगडात आणि ट्रॅफिकमध्ये भरपूर हाताळल्या आहेत. तुम्ही अँगल, लॉकर, ग्राउंड क्लिअरन्स यांवर सविस्तर लिहिलंत आणि आई मागच्या सीटवर बसून चिपळूणला जाणार हे एका ओळीत उरकलंत. माझ्या मते निर्णय त्या ओळीवर व्हायला हवा. ऑफ-रोडला सरस कोण, हा मुद्दा तुमच्या बाबतीत त्यानंतर येतो, कारण तुम्ही ज्या वाटांची नावं घेतलीत तिथे दोन्ही गाड्या गरजेपेक्षा जास्त सक्षम आहेत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. सोसायटीतलं पार्किंग साधं आहे की स्टॅक, खांबांमध्ये किती जागा सुटते, घरासमोरची गल्ली किती रुंद, आई महिन्यातून किती वेळा गाडीत बसणार. यातलं एखादं उत्तर बदललं तर माझा सल्लाही बदलेल. कुठे बदलेल ते पुढे सांगतोच.

ऑफ-रोडपासूनच सुरुवात करू, कारण तुमची उत्सुकता तिथे आहे. दोन्ही गाड्या लॅडर फ्रेमच्या, दोन्हींना लो रेंज, म्हणजे अगदी हळू पण जास्त जोराने चालायचे गिअर. फरक आहे तो पुढच्या अॅक्सलमध्ये, डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आणि वजनात.

जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड, म्हणजे रिजिड अॅक्सल आहे. एक चाक दगडावर चढलं की त्याच अॅक्सलचं दुसरं चाक खाली दाबलं जातं, त्यामुळे ते जमीन सोडत नाही. शिवाय डिफरन्शियलचा गोळा अॅक्सलसोबतच वर-खाली होत असल्याने त्याच्याखालची उंची कायम राहते. रॉक्सला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, डबल विशबोनचं. डांबरी रस्त्यावर, विशेषतः वळणांवर, याचा फायदा होतो. पण दगडी चढावर पुढचं एखादं चाक लवकर हवेत जातं आणि सस्पेन्शन दबलं की पोटाखालची जागाही कमी होते.

याची भरपाई रॉक्स मागच्या लॉकरने करते. फोर बाय फोर रॉक्सच्या मागच्या डिफरन्शियलला इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. तो लावला की मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, मग एक हवेत असलं तरी दुसरं गाडी ढकलतं. जिम्नीत असा लॉक नाही. तिथे ब्रेकच्या मदतीने काम होतं: जे चाक जागेवर फिरतंय त्याला गाडी आपोआप ब्रेक लावते आणि जोर पकड असलेल्या चाकाकडे जातो. ही यंत्रणा चांगली आहे, पण तिला क्षणभर वेळ द्यावा लागतो. शिकायला येणारे जवळपास सगळे इथेच चुकतात. चाक फिरायला लागलं, खालून ब्रेकचा करकर आवाज आला की घाबरून पाय उचलतात. पाय उचलला की यंत्रणा थांबते, गाडी मागे घसरते आणि ‘जिम्नी चढत नाही’ असा निष्कर्ष निघतो. अॅक्सिलरेटर तेवढाच धरून दोन सेकंद थांबलं तर बहुतेक वेळा गाडी स्वतःच बाहेर येते. लॉकरचं उलट आहे. तो अडकण्याआधी, चढ समोर दिसतानाच लावायचा. चाक भिरभिरायला लागल्यावर बटण दाबलं तर तोवर खड्डा खोल झालेला असतो.

कोनांबद्दल तुम्ही विचारलंत, म्हणजे बंपर किंवा पोट न घासता गाडी किती तीव्र चढ-उतार पार करते ते. पुढचा अॅप्रोच अँगल रॉक्सचा ४१.७ अंश, जिम्नीचा ३६. पोटाखालचा ब्रेकओव्हर अँगल दोन्हींचा जवळपास सारखाच, २४ अंशांच्या आसपास. मागचा अँगल मात्र जिम्नीचा बराच मोठा. कागदावर हे वाचायला छान वाटतं, पण आपल्याकडच्या वाटांवर बंपर अडकून थांबलेल्या गाड्या मी क्वचित पाहिल्यात. गाड्या थांबतात त्या दोन कारणांनी: चिखलात टायर गुळगुळीत झाले म्हणून किंवा वाट गाडीपेक्षा अरुंद निघाली म्हणून.

चिखलाचं जरा सविस्तर सांगतो, कारण पावसाळ्यात खरा प्रश्न तोच असतो. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत वरचा थर निसरडा होतो, पण खाली बऱ्याचदा कठीण जमीन लागते, त्यामुळे टायर दाबला गेला की पकड मिळते. देशावरच्या काळ्या मातीचं तसं नाही. ती टायरच्या खाचांमध्ये भरते, दोन-चार फेऱ्यांत खाचा दिसेनाशा होतात आणि मग टायर कितीही महाग असला तरी गुळगुळीतच. अशा वेळी हवा कमी करणं आणि वजन कमी असणं या दोनच गोष्टी कामाला येतात. जिम्नीचं वजन साधारण १,२०० किलो. फोर बाय फोर रॉक्स दोन टनांच्या जवळ जाते. हा फरक चिखलात पहिल्या मिनिटाला कळतो. जिथे जिम्नी वरून तरंगल्यासारखी निघून जाते, तिथेच रॉक्स चाकांच्या रिमपर्यंत रुतलेली मी पाहिली आहे. आणि रुतल्यावरचा फरक आणखी मोठा. जिम्नीला गावातली चार माणसं ढकलून काढतात, रॉक्सला दुसरी दणकट गाडी आणि दोर लागतो, नाहीतर ट्रॅक्टर.

टायरचंही तेच. जिम्नीला १९५/८० आर१५ टायर येतात. रिम लहान, टायरची भिंत उंच. हवा १८ पीएसआयपर्यंत खाली आणली की टायर छान पसरतो. रॉक्सच्या सर्वांत वरच्या ट्रिमला (म्हणजे व्हेरिअंटला) १९ इंची रिम आहे, बाकीच्यांना १८. कच्च्या वाटांवर जायचं असेल तर १८ इंचीच घ्या. भिंत उंच असली की दगडावर टायर कापला जाण्याचा आणि रिम वाकण्याचा धोका कमी होतो, शिवाय हवा कमी करायलाही वाव राहतो. डांबरी रस्त्यावर परत येण्याआधी हवा पुन्हा भरायची, हे मात्र विसरायचं नाही. कमी हवेवर वेगात गेलं तर टायर तापतो आणि रिमवरून सुटतोही.

पाण्याचा मुद्दा. रॉक्सला ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता दिलेली आहे, जिम्नीची त्याहून बरीच कमी. हे आकडे साचलेल्या पाण्यासाठी वापरा. ताम्हिणीकडचा ओढा जुलैत जोरात वाहत असेल तर गुडघ्याएवढं पाणीही दोन टनांच्या गाडीला बाजूला सरकवतं, आणि पाण्याखालचा रस्ता वाहून गेलाय की शाबूत आहे हे वरून कळत नाही. माझा नियम सरळ आहे: ज्या वाहत्या पाण्यातून मी चालत जाणार नाही, त्यात गाडी घालणार नाही. गाडी कोणतीही असो.

आणखी एक गोष्ट, जी शोरूममध्ये क्वचितच कोणी सांगतं. दोन्ही गाड्यांची फोर बाय फोर ‘पार्ट-टाइम’ आहे. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. त्यामुळे कोरड्या डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर ४एच (म्हणजे चारही चाकांना जोर, नेहमीच्या गिअरमध्ये) लावून गाडी वळवली की पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण गिअर, शाफ्ट आणि टायर सहन करतात. स्टिअरिंग जड लागतं, गाडी अडखळत वळते. पावसात घाट उतरताना सुरक्षित वाटावं म्हणून ४एच लावणारे बरेच भेटतात. डांबर नुसतं ओलं असेल तर त्याची गरज नसते. चिखल, खडी, वाळू, बर्फ, म्हणजे जिथे चाकाला थोडं घसरायला वाव आहे, तिथेच ते वापरायचं.

आता रुंदी. जिम्नी १,६४५ मिलिमीटर रुंद, रॉक्स १,८७०. जवळपास नऊ इंचांचा फरक. लांबीत ३,९८५ विरुद्ध ४,४२८, म्हणजे दीड फुटाला थोडं कमी. सह्याद्रीतल्या जुन्या बैलगाडीच्या वाटा कारवीच्या झुडपांतून जातात, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला उतार. तिथे नऊ इंच म्हणजे पुढे जाणं आणि अर्धा किलोमीटर रिव्हर्स येणं यातला फरक. निव्वळ वाटांचा विचार केला, एकटा किंवा दोघं जाणार असतील, तर मी डोळे झाकून जिम्नी सांगतो. माझ्या स्वतःच्या आनंदासाठी चालवायची तर मीही तीच उचलेन.

पण तुमच्या किल्ल्यांच्या यादीकडे पुन्हा बघा. वेल्हे, गुंजवणे, पाचनई, रतनवाडी, केळद. या सगळ्या गावांपर्यंत आता डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता आहे. खराब असेल, खड्ड्यांचा असेल, पण रस्ता आहे. तिथे एसटी जाते. तिथे फोर बाय फोरची गरज पार्किंगसाठी शेतात गाडी उतरवली आणि संध्याकाळी पाऊस पडला, एवढ्यापुरतीच. खऱ्या कच्च्या वाटांपैकी बऱ्याच एकतर खासगी जमिनीतून जातात किंवा वनखात्याच्या हद्दीत. ताम्हिणीचा मोठा भाग अभयारण्य आहे, तिथे रस्ता सोडून गाडी घालता येत नाही. कोकणच्या किनाऱ्यांवर गाडी उतरवू नका, ही माझी कळकळीची विनंती. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात. शिवाय भरतीच्या पाण्यात रुतलेली गाडी बाहेर आली तरी खाऱ्या पाण्याने वायरिंग आणि ब्रेकचं जे होतं ते वर्षभर निस्तरावं लागतं.

म्हणजे तुमच्या वापरात वर्षातले मोजके दिवस खऱ्या ऑफ-रोडचे. बाकी सगळं हिंजवडी, भाजी, शाळा, दवाखाना आणि चिपळूण.

रोजच्या हिंजवडीचं बघू. सकाळच्या गर्दीत चांदणी चौक, मग भूमकर चौकाचा तुंबा. इथे ऑटोमॅटिक हवी, याबद्दल माझं मत ठाम आहे. जिम्नीला चारच गिअरची जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक आहे. शहरात ती गुळगुळीत चालते, काही तक्रार नाही. इंजिन १.५ लिटर पेट्रोल, टर्बो नाही, १०५ पीएस आणि १३४ एनएम. गर्दीत ते पुरेसं आहे, गाडी लहान असल्याने फटीत घुसते, यू-टर्न एका दमात होतो. रॉक्सचं २.२ लिटर डिझेल ऑटोमॅटिक १७५ पीएस आणि ३७० एनएम देतं, गिअर सहा. गर्दीत तेही आरामात चालतं, फक्त रुंदी सतत डोक्यात ठेवावी लागते. उंचावरून पुढचं सगळं दिसतं, पण बॉनेटच्या अगदी जवळची दुचाकी दिसत नाही. वहिनींनी आजवर हॅचबॅकच चालवली असेल तर त्यांना सवय व्हायला काही आठवडे जातील. त्यांचा हात बसेपर्यंत घाई करू नका आणि निर्णय घेण्याआधी त्यांना तुमच्या गल्लीतून टेस्ट ड्राइव्हची गाडी स्वतः चालवू द्या.

डिझेलबद्दल एक सावधगिरी. आजच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती अधूनमधून स्वतःच तापून काजळी जाळते, पण त्यासाठी इंजिन काही काळ एका लयीत, गरम चालावं लागतं. रोज चार-पाच किलोमीटर रेंगाळत जाणारी डिझेल गाडी ही सफाई पूर्ण करू शकत नाही, मग दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरची वारी. तुमचं एका बाजूचं अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे मला फार चिंता नाही. तरी आठवड्या-दोन आठवड्यांनी बायपासवर अर्धा तास सलग वेगात गाडी पळवा. सफाई चालू असताना गाडी बंद करायची नाही, हे घरातल्या दोघा चालकांना माहीत असू द्या. घरून काम सुरू झालं आणि गाडी फक्त भाजी-शाळेपुरती उरली, तर मात्र डिझेलचा आग्रह सोडा. आणि मग रॉक्स फोर बाय फोरच बाद होते, कारण पेट्रोल रॉक्स फक्त मागच्या चाकांवर चालते. हे बुकिंगच्या वेळी नीट बघून घ्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात आणि चिखलात फरक कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

इंधनाचा खर्च: जिम्नीचा कागदावरचा आकडा ऑटोमॅटिकला १६.३९ किलोमीटर, मॅन्युअलला १६.९४. पुण्याच्या गर्दीत अकरा-बारा धरून चाला. रॉक्स डिझेल ऑटोमॅटिक गर्दीत नऊ-दहा, हायवेला तेरापर्यंत. प्रति किलोमीटर फार मोठा फरक पडत नाही. फरक पडतो खरेदीत. रॉक्स फोर बाय फोर जिम्नीपेक्षा काही लाखांनी महाग, त्यात डिझेलवर आपल्याकडे रोड टॅक्सही जास्त आणि विम्याचा हप्ताही मोठा. ऑन-रोड किमतींची तुलना करा, एक्स-शोरूमची नको.

आता ती ओळ. आई आणि चिपळूण.

तुम्ही कोणत्या वाटेने जाता माहीत नाही. ताम्हिणीने माणगाव आणि मग मुंबई-गोवा हायवे, किंवा साताऱ्यावरून पाटण, कुंभार्ली. दोन्हीकडे पाच-सहा तास, घाट आणि खड्डे. गणपतीत त्यात दोन तास वाढवा. अशा रस्त्यावर जिम्नीचे दोन्ही रिजिड अॅक्सल, जे दगडात वरदान होते, ते त्रास देतात. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की अख्खी गाडी डावी-उजवी डोलते. पुढे बसलेल्याला सवय होते. मागे बसलेल्या माणसाला वरचं हँडल धरून बसावं लागतं. रॉक्सही काही मऊ गाडी नाही, कमी वेगात तीही हलवते, पण वजन आणि मोठा व्हीलबेस (२,८५० मिलिमीटर, जिम्नीचा २,५९०) यामुळे ऐंशीच्या वेगाला ती स्थिर राहते. मागच्या सीटची पाठ थोडी कलती करता येते, मागच्यांसाठी एसीचे झरोके आहेत. जिम्नीत मागे एसीचे झरोके नाहीत. मे महिन्यात कोकणात उतरताना हा मुद्दा छोटा राहत नाही.

जिम्नीत मागे दोघंच बसतात, एकूण चौघं. तुमचं कुटुंब नेमकं चौघांचं आहे, म्हणजे एकही जागा शिल्लक नाही. परतताना मावशी सोबत आल्या तर? डिकी २०८ लिटरची. चौघांचं चार दिवसांचं सामान, आईंची औषधांची पिशवी, कोकणातून येणारे नारळ आणि तांदूळ. हे त्यात मावत नाही, टपावर कॅरिअर लावावा लागतो. रॉक्सची डिकी ४४७ लिटरची, शिवाय पाच सीट.

चढ-उतार मात्र रॉक्समध्ये त्रासाचा आहे. सीट उंच, दुखऱ्या गुडघ्याने सरळ आत पाय टाकता येत नाही. फूटबोर्डवर एक पाय, मग हँडल धरून अंग वर ओढायचं, मग वळून बसायचं. उतरताना याहून अवघड, कारण पाय जमिनीला लागेपर्यंत गुडघ्यावर भार येतो. जिम्नीची सीट खाली आहे, पण मागचं दार अरुंद, त्यामुळे वाकून पाय आत ओढावा लागतो. कोणत्या आईला कोणतं सोपं पडेल हे मी सांगू शकत नाही. त्यांना शोरूममध्ये घेऊन जा आणि लागोपाठ तीन-चार वेळा चढा-उतरायला सांगा. पहिल्यांदा सगळेच उत्साहात चढतात. तिसऱ्या वेळी चेहऱ्यावर दिसतं. रॉक्समध्ये जमत नसेल तर बाहेरून खालचा, रुंद फूटस्टेप लावता येतो. त्याने कच्च्या वाटेवर थोडी उंची जाते, आणि तुमच्या वापरासाठी तो सौदा मला मान्य आहे.

सुरक्षिततेचं एका वाक्यात संपवता येणार नाही. रॉक्सला भारत एनकॅप या गाड्यांच्या क्रॅश-टेस्टमध्ये पाच तारे मिळालेत, मोठ्यांसाठी ३२ पैकी ३१.०९ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४५ गुण. जिम्नीच्या तीन दारी अवताराला २०१८मध्ये युरो एनकॅपने तीन तारे दिले होते. ती चाचणी वेगळी, गाडीची लांबी वेगळी, त्यामुळे आकड्याला आकडा लावू नका. सहा एअरबॅग दोन्हींत आहेत. पण रात्री हायवेवर समोरून येणाऱ्या ट्रकांच्या रांगेत, ओव्हरटेक करताना, रॉक्सचा टॉर्क आणि ब्रेक यांचा मला जास्त भरवसा वाटतो. चार माणसं आणि सामान भरलेली जिम्नी कुंभार्लीच्या चढावर खालच्या गिअरमध्ये ओरडत चढते. तिथे दोन ट्रकांच्या मागे शांतपणे थांबायची तयारी ठेवावी लागते.

लडाखसाठी इंजिनाचा फरक समजून घ्या. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास उरतो. टर्बो नसलेलं इंजिन तेवढीच हवा ओढू शकतं, म्हणजे जिम्नीचे १०५ पीएस तिथे साठच्या आतबाहेर राहतात. गाडी हलकी आहे, लो रेंज आहे, म्हणून ती चढते. दरवर्षी कित्येक जिम्नी जाऊन येतात. पण चौघं आणि सामान घेऊन प्रत्येक खिंड पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. टर्बो डिझेल विरळ हवेतही जास्त हवा कोंबतं, त्यामुळे रॉक्सची ताकद तुलनेने कमी घटते. टाकी जिम्नीची ४० लिटरची, रॉक्सची ५७. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. तिथे ४० लिटरवाल्याने टाकी काठोकाठ भरावी आणि कॅनमध्ये थोडं जास्तीचंही घ्यावं. पण आयुष्यात एकदा होणाऱ्या सहलीसाठी रोजची गाडी निवडू नका. लडाख या निर्णयात अर्ध्या गुणाचं धरा.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर: रॉक्स, डिझेल, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक, मधली ट्रिम, १८ इंची चाकं. आई वर्षातून निदान दोनदा लांबच्या प्रवासाला मागे बसणार, मुलगी वाढतेय, घरात दुसरी गाडी नाही. चिखलात हलकी जिम्नी सरस ठरते हे खरं, पण तिचा तो फायदा वर्षातले थोडे दिवस आणि मागच्या सीटची गैरसोय दर प्रवासाला.

दोन परिस्थितींत मी हे उत्तर फिरवेन. पहिली, पार्किंग. स्टॅक किंवा पझल पार्किंग असेल तर त्याच्या पाटीवर गाडीची कमाल उंची, रुंदी आणि वजन लिहिलेलं असतं. रॉक्स १,९२३ मिलिमीटर उंच आहे, बऱ्याच यंत्रांच्या खालच्या कप्प्यात ती जात नाही आणि वजनाची मर्यादाही आड येऊ शकते. साधं पार्किंग असेल तर टेप घेऊन दोन खांबांमधली जागा मोजा आणि आईंच्या बाजूचं दार पूर्ण उघडतंय का बघा. दार अर्धंच उघडणार असेल तर त्यांच्यासाठी ती गाडी निरुपयोगी आहे. दुसरी, आईंचा प्रवास प्रत्यक्षात फार होत नसेल, त्या ट्रेनने जाणं पसंत करत असतील आणि शनिवार-रविवार तुम्ही तिघंच बाहेर पडत असाल. मग जिम्नी घ्या, वाचलेल्या पैशांतून चांगले ऑल-टेरेन टायर आणि सामान घ्या, आणि त्या पैशांत तुम्हाला रॉक्सवाल्यापेक्षा जास्त वाटा बघायला मिळतील.

सामानात पहिल्या दिवसापासून काय हवं: हवा भरायचा दणकट कॉम्प्रेसर, हवा मोजायचं गेज, ताणला जाणारा कायनेटिक दोर, दोन सॉफ्ट शॅकल (दोर हुकला जोडायचे दोरीचे फास), फोल्डिंग फावडं, जाड हातमोजे. दोर गाडीच्या वजनाला साजेसा घ्या. जिम्नीसाठी घेतलेला दोर रॉक्सला वापरू नका. दोर फक्त कंपनीने दिलेल्या रिकव्हरी हुकलाच लावायचा. बंपर, सस्पेन्शनचा दांडा किंवा मागच्या टो-बॉलला कधीच नाही. ताणलेल्या दोरासोबत तुटलेला लोखंडी गोळा गोळीसारखा उडतो, आणि बघायला उभी असलेली माणसं नेहमी दोराच्या रेषेतच उभी असतात. त्यांना आधी हटवा, मग ओढा. एकटी गाडी घेऊन कच्च्या वाटेला जाऊ नका, सोबत दुसरी गाडी असू द्या.

टेस्ट ड्राइव्ह मागताना शोरूमभोवतीचा गुळगुळीत चक्कर नाकारा. चौघांनाही बसवा, तुम्ही स्वतः वीस मिनिटं मागे बसा, वहिनी चालवतील. कोथरूडमधली तुमची गल्ली, सोसायटीचा उतार, पार्किंगमध्ये रिव्हर्स, एवढं करूनच परत द्या. पार्किंगची मापं आणि आईंना चढायला कोणती सोपी वाटली ते कळवलंत तर ट्रिम आणि टायरच्या साइजबद्दल नेमकं सांगता येईल.